लोणचं तळणाऱ्या जावयाची चौकशी

देवाशपथ सांगतो, यातलं अक्षरन् अक्षर खरं आहे. मी स्वतः समोर होतो. म्हणजे दोन प्रसंगांना नव्हतो, पण जे होते त्यांनी मला सांगितलं, आणि जे त्यांनी सांगितलं नाही ते मी त्यांना सांगितलं. आता तेच शपथेवर सांगतात की अगदी तसंच घडलं!

असे किस्से गोळा करावे लागत नाहीत. समुद्राकाठच्या घरात वाळू येते तसे ते येतात. रोज झाडून काढा, रोज कोपऱ्यात मूठभर असतेच. तारकर्लीत माझं दोन खोल्यांचं लॉजिंग आहे. पर्यटकांना मी सांगतो की डॉल्फिन माझी शिट्टी ओळखतात. त्यावरून माझ्या शब्दाला गावात किती वजन आहे ते तुमच्या लक्षात आलं असेल. पण ही गोष्ट माझी नाही, आमच्या इनास मास्तरांची आहे, आणि मास्तर कधी खोटं बोलत नाहीत. ते फक्त दुसऱ्यावर विश्वास ठेवत नाहीत.

*

इनास मास्तर म्हणजे आमचे शेजारी. हायस्कुलात विज्ञान शिकवून रिटायर झाले. बायको वारून आठ वर्षं झाली. एकुलती एक मुलगी लवीना, कणकवलीच्या कॉलेजात लॅब असिस्टंट. संध्याकाळी मास्तरांच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, आम्ही तिघं बसतो : मास्तर, मी आणि बबन. बबन पर्यटकांना होडीतून फिरवतो आणि उरलेला वेळ मला उघडा पाडतो.

एका संध्याकाळी मास्तरांनी जाहीर केलं की लवीनाने मुलगा पसंत केलाय. नाव रॉयस्टन, गाव दोडामार्गकडचं, नोकरी मोठ्या प्रवासी जहाजावर. सावंतवाडीला कुणाच्या तरी लग्नात ओळख झाली म्हणे. आम्ही अभिनंदन केलं. मास्तरांनी ते स्वीकारलं नाही.

बबनने विचारलं, जहाजावर काम काय करतो?

मास्तरांनी आधी फाटकाकडे पाहिलं, मग आवाज खाली घेतला.

"लोणचा तळता."

बबन माझ्याकडे बघायला लागला. मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदाच त्याला माझ्यापेक्षा मोठी थाप ऐकायला मिळाली होती.

मी म्हटलं, "मास्तर, लोणचा घालतत. लोणचा मुरवतत. लोणचा चोरतत पण. तळणा कोण नाय."

"ताच तर," मास्तर म्हणाले.

त्यांच्या संशयाला कारण होतं. त्यांच्या चुलतबहिणीच्या मुलीला जहाजावरचा सेकंड इंजिनिअर सांगून आला होता. लग्नानंतर सहा महिन्यांनी कळलं की तो सेकंड इंजिनिअरचे कपडे इस्त्री करायचा! इस्त्री वाईट नाही हो. पण बाई अजून माहेरी आहे. तेव्हापासून 'जहाज' हा शब्द ऐकला की मास्तर चष्मा पुसायला घेतात.

लवीनाने त्यांना स्वच्छ सांगितलं होतं. रॉयस्टन उन्हाळ्यात सहा आठवड्यांच्या सुट्टीवर येणार. त्या सुट्टीत काय ते ठरवा, नाहीतर तो पुन्हा नऊ महिने समुद्रावर. पपांच्या होकाराशिवाय ती लग्न करणार नव्हती, आणि त्याच्याशी नाही झालं तर दुसऱ्या कुणाशीही करणार नव्हती.

"पपा, होय म्हणा नायतर नाय म्हणा," ती म्हणाली. "पण चौकशी चालू आसा असा म्हणू नकात."

मास्तर म्हणाले, चौकशी चालू आहे.

*

चौकशीची सुरुवात प्रयोगाने झाली. मास्तरांचं म्हणणं साधं होतं. लोणचं तळता येतं की नाही, एवढंच पाहायचं. येत असेल तर पोराच्या बोलण्याला आधार. येत नसेल तर पोरगा खोटा. त्यांनी जुन्या जर्नलचं कोरं पान काढलं आणि वर समास सोडून लिहिलं : साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान.

साहित्य काय? तर माझ्या बायकोच्या, सुमनच्या बरणीतलं आंब्याचं लोणचं. मुरलेलं, तेलात बुडालेलं, फोडीला बाठीचा कडक तुकडा चिकटलेला. आपल्याकडे लोणचं म्हटलं की दुसरं काय डोळ्यासमोर येणार? मास्तरांनी बेसन भिजवलं, फोड बुडवली आणि सोडली तापलेल्या तेलात.

पहिली दोन मिनिटं काही झालं नाही. मग पिठाच्या आतून कुणीतरी दार ठोठावल्यासारखा आवाज आला. पुढच्या क्षणी लोणच्याचा खार तेलात उतरला आणि कढईने तोंड सोडलं. तिखटाची अशी वाफ उठली की बबन खिडकीतून बाहेर गेला. दारातून नाही, खिडकीतून! बाठीचा एक तुकडा उडाला तो थेट भिंतीवरच्या घड्याळावर आपटला आणि घड्याळ सव्वाचारला बंद पडलं. सुमन म्हणते ते घड्याळ गणपतीपासूनच बंद होतं. असेल. पण सव्वाचारला होतं का, ते ती सांगत नाही.

डोळे पुसत पुसत मास्तरांनी जर्नल पूर्ण केलं. 'निरीक्षण : पीठ काळे, फोड कच्ची, खोकला सर्वांना. अनुमान : मुलगा खोटारडा.'

*

दुसऱ्या दिवशी लवीनाने जर्नल वाचलं आणि सरळ व्हिडिओ कॉल लावला. मास्तरांनी मला आणि बबनला साक्षीदार म्हणून बोलावून घेतलं. पडद्यावर रॉयस्टन आला. डोक्यावर पांढरी टोपी, मागे स्टीलची भांडी. मास्तर माझ्या कानात म्हणाले, टोपी विकत मिळते.

मग उलटतपासणी. मास्तरांची पद्धत म्हणजे एकच प्रश्न तीन वेळा, दर वेळी मध्ये काहीतरी वेगळं विचारून. काय तळतोस? तुझ्या आईचं माहेर कुठलं? काय तळतोस? जहाजाचा रंग कोणता? मग तळतोस काय?

पोरगा तिन्ही वेळा एकच बोलला. काकडी. तिकडच्या लोकांचं लोणचं म्हणजे काकडीचं असतं. तेल नाही, मसाला नाही, व्हिनेगर आणि मिठाच्या पाण्यात मुरवलेलं. त्याच्या करंगळीएवढ्या जाड चकत्या करायच्या, पिठात बुडवून कुरकुरीत तळायच्या, लोक बिअरबरोबर खातात. दुपारी चारपासून त्याचं तेवढंच काम.

"थांबा सर, दाखवतंय," म्हणत तो वाकला, त्याने बरणी उचलली, झाकणाला हात घातला, आणि नेट गेलं.

पडद्यावर नुसती टोपी गोठून राहिली. मास्तर तिच्याकडे पाच मिनिटं बघत होते. "पुरावो दाखवच्या टायमाकच बरा गेला," ते म्हणाले.

रात्री त्याने फोटो पाठवला. सोनेरी चकत्या, बाजूला पांढरी चटणी. मास्तरांनी तो दोन बोटांनी मोठा करून पाहिला, लहान करून पाहिला, आणि म्हणाले की असे फोटो बबनच्या फोनवर पण आहेत, देवमाशांचे. बबनने आयुष्यात देवमासा पाहिलेला नाही.

*

आता काकडीचा प्रयोग आला. काकडी म्हणजे पाणी. पाण्याचं लोणचं घालणारे लोक जगात असतील यावर मास्तरांचा विश्वास बसेना, पण विज्ञानाचा माणूस, प्रयोग टाळायचा नाही. माडाच्या सुरेचं, म्हणजे माडीचं, व्हिनेगर गोव्याहून येतं. मास्तरांनी त्याच्या एकदम पाच बाटल्या मागवल्या. वर मीठ, मोहरी, लसूण. मोठ्या काचेच्या बरण्या भरून खिडकीत ठेवल्या.

गावाला काय दिसलं? तर दारूला न शिवणारा एकटा माणूस दारं लावून बाटल्या ओततोय, आणि घरातून आंबूस वास येतोय. तीन दिवसांत खळ्यात माणसं सहज डोकवायला लागली. एकाने तर पायरीवर बसून मोकळेपणाने विचारलं, "मास्तर, पयल्या धारेची कधी काढतलात?" मास्तरांनी त्याला काकडी दाखवली. त्याचा विश्वास बसला नाही. मला वाटतं, त्या दिवशी मास्तरांना थोडंसं कळलं असेल की खरं सांगूनही माणूस खोटा कसा दिसतो.

पाचव्या दिवशी चकत्या केल्या, पिठात बुडवल्या, तळल्या. वर फुगून आलेली भजी पाहून आम्ही खूश झालो. मास्तरांनी एक फोडली. आत काहीच नाही. दुसरी फोडली. रिकामी! काकड्या तळाशी, पिठाचे अंगरखे वर. ओल्या काकडीवर पीठ टिकलंच नव्हतं.

मास्तरांनी तर्क लढवला : ओल जायला हवी. दुसऱ्या दिवशी उरलेल्या चकत्या चटईवर वाळत घातल्या. चटई सुमनची होती आणि आदल्या दिवसापर्यंत तिच्यावर सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी, होती. आमच्याकडे वाळवायची चटई एकच असते, तिला मासळी, आमसुलं, पापड सगळं सारखंच. तळल्यावर चकत्यांना सुकटाचा वास सुटला. बबनने चार खाल्ल्या आणि म्हणाला, लोणचं म्हणून काही खरं नाही, पण सुकट म्हणून एक नंबर. उरलेल्या मांजराने संपवल्या.

मास्तरांनी जर्नलमध्ये लिहिलं : 'मांजर समाधानी. मुलाबद्दल संशय कायम.'

*

प्रयोगाने भागेना तेव्हा मास्तरांनी बबनला दोडामार्गला पाठवलं. गुप्तपणे. काजू बघायला आलेला गिऱ्हाईक म्हणून जायचं, चहाच्या टपरीवर बसायचं, मुलाच्या घराण्याची सहज चौकशी करायची. मी बरोबर नव्हतो, पण बबनला गुप्तपणे काही करता येत नाही हे मला माहीत आहे. त्याच्या अंगातल्या टी-शर्टवर पाठीमागे त्याच्या होडीचं नाव आणि 'तारकर्ली' असं छापलेलं होतं.

टपरीवर त्याने दोन चहा घेतले आणि काजूचा विषय काढला. तिसऱ्या चहाला रॉयस्टनचा विषय काढला. शेजारी बसलेला म्हातारा म्हणाला, चला, घरच दाखवतो. घर दाखवलं, आत नेलं, बसवलं, जेवायला वाढलं. कोंबडी, इडलीसारखी सान्नां, वर काजूची भाजी. जेवण उरकल्यावर बबनला कळलं की म्हातारा रॉयस्टनचा बाप आहे.

बबन म्हणतो, आता आपल्याला पकडलं म्हणून तो हात धुवायला उठला. पण म्हाताऱ्याने त्याला बाजूला घेतलं, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच विचारलं :

"तुमी तारकर्लेचे मा? थंयचो तो मास्तर डोक्यान बरो आसा? आमी आयकलंव, तो घरात एकटोच बसान लोणचा तळता!"

बबनने हे सगळं खळ्यात बसून सांगितलं तेव्हा मास्तरांनी चष्मा पुसायला घेतला. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, "तू काय सांगलंस?"

"सांगलंय, चौकशी चालू आसा."

*

सगळा प्रश्न सुटला तो सुमनमुळे. मास्तर व्हिनेगर मागायला आमच्या घरी आले होते. ती सुरमई तळत होती. त्यांचं सगळं रडगाणं तिने तव्यावरची नजर न हलवता ऐकलं. मग तिने विचारलं की मास्तर, तुम्ही मासा ओला तसाच तेलात टाकता काय?

बस्स, तेवढंच. आमच्याकडे शाळेतल्या पोरीलाही ठाऊक असतं. मासा निथळायचा, पुसायचा, तांदळाच्या पिठात कोरडा घोळायचा, मगच पुढचं. आम्ही तिघं बाप्ये दोन महिने काकडीला काकडी समजत होतो. तिला मासळी समजलो असतो तर पहिल्याच दिवशी जमलं असतं!

सुमनने चकत्या जुन्या सुती पातळात दाबून कोरड्या केल्या. आधी तांदळाचं कोरडं पीठ. मग तांदूळ आणि थोडा मैदा एकत्र करून त्यात फ्रीजमधला थंडगार सोडा, पीठ पातळ. तेल चांगलं तापलेलं. एका वेळी तीनच चकत्या, जास्त टाकल्या तर तेल थंड पडतं.

त्या चकत्या चावल्याचा आवाज माझ्या लॉजिंगमधल्या पुण्याच्या पाहुण्यांनी ऐकला आणि विचारलं की खाली फरशी फोडताय का. हे जरा वाढवून सांगतोय, पण फार नाही. बाहेर कुरकुरीत, आत आंबट, गरम, रसरशीत. मास्तरांनी एक खाल्ली. मग दुसरी. मग ताटली स्वतःकडे ओढून अकरा खाल्ल्या. आम्हाला वाटलं झालं, पोरगा पास.

मास्तरांनी तोंड पुसलं आणि सुमनकडे रोखून पाहिलं.

"ह्या तुका कोणी शिकयला? तेचो फोन येता काय तुका?"

सुमनने झारा खाली ठेवला आणि त्यांना घरी जायला सांगितलं. मास्तरांनी जर्नलमध्ये नवीन अनुमान लिहिलं : 'पदार्थ अस्तित्वात आहे. तो हाच मुलगा करतो, हे सिद्ध नाही.' आणि तेव्हापासून ते रोज दुपारी स्वतःच तळायला लागले. मुलाला रंगेहाथ पकडायचं तर आपल्याला विषय पक्का यायला हवा, असं त्यांचं म्हणणं. महिन्याभरात त्यांचा हात असा बसला की बबन होडी लवकर किनाऱ्याला लावायला लागला.

*

रॉयस्टन आला. बुटका, गप्प पोरगा. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत तेलाच्या चटक्यांचे बारीक डाग. सुमनने मला खुणेने ते दाखवले. मास्तरांनीही पाहिले, आणि पुटपुटले की तेल कुणाच्याही अंगावर उडतं.

सुट्टीचे चार आठवडे असेच गेले. येणं, बसणं, सरबत, हवापाणी, आणि मास्तर होय म्हणत नाहीत की नाही म्हणत नाहीत. पाचव्या रविवारी चर्चमधली मिस आटोपून आल्यावर त्यांनी पोराला स्वयंपाकघरात नेलं. ओट्यावर सगळं मांडून ठेवलेलं : बरणी, पीठ, सोडा, कढई. मास्तर म्हणाले, तळ.

लवीना दारात कडीला धरून उभी राहिली. मी, सुमन आणि बबन तिच्या मागे.

सुरी हातात आल्यावर पोरगा वेगळाच दिसायला लागला. सरसर चकत्या पडल्या, सगळ्या एका जाडीच्या. पुसल्या, पिठात घोळवल्या, बुडवल्या. सुमनने माझ्या कोपराला हात लावला, म्हणजे जमलं. आणि मग त्याने अख्खं ताट, वीसेक चकत्या, एकदम कढईत सोडलं आणि हात मागे बांधून उभा राहिला.

तेल गप्प झालं. तो नुसताच उभा. कशाची तरी वाट बघत होता.

बाहेर काढल्या तेव्हा चकत्या फिक्या होत्या, लोळागोळा, पीठ सुटून लोंबत होतं. मास्तरांनी एक उचलली. ती त्यांच्या बोटांवर ओल्या टिपकागदासारखी वाकली. बबनने एक तोंडात टाकली, "बरी आसा," म्हणाला आणि जमिनीकडे बघायला लागला. रॉयस्टनचे कान लाल झाले.

"सर, ह्या कसा झाला माका कळणा नाय. थंय असा कधी होणा नाय."

लवीनाच्या हातातली कडी वाजली. आठवडाभराने त्याचं विमान होतं. मला वाटलं, संपलं.

मास्तरांनी चष्मा काढला. "थंय एका टायमाक कितके घालतंस?"

"जाळयेचो पिंजरो भरान, सर. मोठो आसता."

"आणि काढतंस कधी?"

"मशीन वाजता तेव्हा."

मास्तरांनी चष्मा पुसला, परत लावला, आणि पोराकडे न बघता माझ्याकडे वळले.

"आबा, मी तीस वर्सां पेपर तपासलंय. कॉपी करून येता तेचा सगळा बरोबर आसता. चुकता तो, जो सोताच्या हातान लिवता. हो खोटो आसतो, तर घरातल्या कढईवर पाठ करून इलो आसतो."

आता कबूल करतो. बाकी सगळं खरं, पण हे कॉपीचं वाक्य माझं आहे. गेलं वर्षभर मी ते मास्तरांच्या तोंडी घालून सांगतो, आणि आता मास्तरसुद्धा लोकांना जावयाची ओळख करून देताना ते स्वतःचं म्हणून सांगतात. मशीनचं ऐकल्यावर ते एक शब्द बोलले नव्हते. त्यांनी गॅस मोठा केला, झारा रॉयस्टनच्याच हातात राहू दिला, आणि पिठात बुडवलेल्या तीन चकत्या ताटलीत घेऊन त्याच्यापुढे धरल्या.